मोटारसायकलचे तेल : डब्यावरील ‘जासो’ श्रेणी महत्त्वाची

बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिन्हींसाठी एकच तेल असते. क्लच प्लेटा याच तेलात फिरतात. त्यामुळे घर्षण कमी करणारी रसायने असलेले मोटारीचे तेल भरल्यास क्लच घसरू शकतो. इंजिनाचा आवाज चढतो, वेग मात्र वाढत नाही. अधिक महागडे तेल ते अधिक चांगले, हा समज येथे फसतो.

डब्यावर जपानी ‘जासो’ मानकाची एमए किंवा एमए२ श्रेणी असावी. एमबी तेल प्रामुख्याने कोरड्या क्लचच्या, गिअरविरहित स्कूटरसाठी असते. तिच्या मागील गिअरचे तेलही वेगळे असते. जुन्या बुलेटच्या गिअरबॉक्सलाही स्वतंत्र तेल लागे. १०डब्ल्यू-३० यांसारखे आकडे तेलाचा दाटपणा सांगतात; तो वाहनाच्या माहितीपुस्तिकेनुसारच निवडावा.