वल्कचर्म
वल्कचर्म : (पेलाग्रा). निकोटिनिक अम्ल या ब गटातील जीवनसत्त्वाच्या न्यूनतेमुळे होणारा रोग. चयापचयातील (शरीरात सतत चालणाऱ्या रासायनिक घडामोडींतील) बिघाड त्वचेवर कसा उमटतो, याचे हे बोलके उदाहरण होय. उन्हास उघड्या राहणाऱ्या हातांची, पायांची व मानेची त्वचा दोन्ही बाजूंस सारखीच लाल होते आणि पुढे काळवंडून झाडाच्या सालीसारखी खरखरीत बनते. अतिसार व बुद्धिभ्रंश ही नंतरची लक्षणे असून उपचारांअभावी मृत्यू ओढवतो.

स्पेनमधील अस्तुरियास प्रांतातील गरीब शेतकऱ्यांत गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये हा रोग ओळखला. गळ्याभोवतीच्या चट्ट्यास अद्यापि ‘कासाल कंठा’ म्हणतात. ‘पेलाग्रा’ (खरखरीत कातडी) हे नाव इटलीत फ्रापोल्ली यांनी १७७१ मध्ये रूढ केले. दोन्हीकडे गरिबांचे मुख्य अन्न मका हेच होते. मक्यातील निकोटिनिक अम्ल बद्ध स्वरूपात असते व चुन्याच्या पाण्यात दाणे शिजविल्यास ते मोकळे होते. मेक्सिकोतील ही जुनी रीत मक्याबरोबर यूरोपात आली नाही. त्याचा भुर्दंड शेतमजुरांनी दोन शतके सोसला.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हा रोग पसरला. कापूस पिकविणारी कुळे मक्याचे पीठ, खारवलेली डुकराची चरबी व काकवी यांवर जगत. तरीही बहुतेक वैद्य रोग संसर्गजन्य मानीत. शासनाने १९१४ मध्ये नेमलेल्या जोझेफ गोल्डबर्गर यांना मनोरुग्णालयांत व अनाथाश्रमांत रुग्ण दिसले, पण तेथील सेवकवर्गात एकही दिसला नाही. दूध, अंडी व मांस देताच अनाथाश्रमांतील रोग हटला. १९१५ मध्ये मिसिसिपीतील ११ कैद्यांना माफीच्या अटीवर मक्याचा निकृष्ट आहार देण्यात आला व ६ जणांना रोग झाला. आजच्या निकषांनुसार हा प्रयोग समर्थनीय ठरणार नाही. शंकेखोरांसाठी गोल्डबर्गर यांनी १९१६ मध्ये रुग्णांचे रक्त स्वतःस टोचून घेतले व त्यांच्या त्वचेच्या खपल्याही गिळल्या. त्यांच्या पत्नीनेही रक्त टोचून घेतले. कोणासही रोग झाला नाही.

गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारले, तेव्हा रोगनिवारक द्रव्य अज्ञात होते. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी निकोटिनिक अम्लाने कुत्र्यांतील तत्सम रोग बरा केला. हे अम्ल रसायनशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून परिचित होते. औषध हाताशी असून ओळखले गेले नव्हते. ट्रिप्टोफेन या ॲमिनो अम्लापासूनही शरीर ते बनविते (सु. ६० मिग्रॅ. पासून १ मिग्रॅ.), हे १९४५ नंतर स्पष्ट झाले. दुधात निकोटिनिक अम्ल अल्प असूनही ते गुणकारी का, याचा उलगडा त्यामुळे झाला.

भारतात दख्खनच्या पठारावरील ज्वारी खाणाऱ्या गरिबांत हा रोग आढळला. ज्वारीतील ल्यूसीनाच्या आधिक्यामुळे ट्रिप्टोफेनाच्या चयापचयात अडथळा येतो, असे मत सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी हैदराबाद येथील संशोधनावरून १९६० मध्ये मांडले. ते सर्वमान्य झालेले नाही. मद्यासक्ती, क्षयावरील आयसोनियाझीड हे औषध आणि ट्रिप्टोफेनाचे शोषण बिघडविणारा आनुवंशिक हार्टनप रोग यांमुळेही त्वचेवर अशीच लक्षणे उद्‌भवतात.

उपचारांत निकोटिनिक अम्लाऐवजी निकोटिनामाइड देतात, कारण पहिल्याने चेहरा लाल होऊन अंगाची आग होते. जोडीस ब गटातील इतर जीवनसत्त्वे व प्रथिनयुक्त आहार लागतो. जिभेचा दाह काही दिवसांत शमतो. त्वचा पूर्ववत होण्यास मात्र काही आठवडे लागतात व तोवर ती उन्हापासून जपावी लागते.