मोटारगाडीवरील पारदर्शक लेप : इतिहास व हौशी फवारणीतील सुरक्षितता

मोटारगाडीच्या पत्र्यावर रंगीत थर दिल्यानंतर त्यावर रंगद्रव्यविरहित असा जो शेवटचा चकचकीत थर फवारतात, त्यास पारदर्शक लेप म्हणतात. कारागिरांच्या बोलीत यालाच ‘क्लिअर’ किंवा ‘लॅकर’ असे नाव आहे. खालच्या थराने रंग द्यावा आणि वरच्या थराने चकाकी व संरक्षण द्यावे, अशी ही कामाची विभागणी होय. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण, पाऊस, धूळ, पक्ष्यांची विष्ठा व सांडलेले पेट्रोल यांचा पहिला आघात या थरावर होतो. त्याची जाडी मात्र सामान्यतः ४० ते ६० मायक्रॉन, म्हणजे सर्वसाधारण केसाच्या जाडीहूनही कमी असते. लेप कशाचा बनवितात आणि तो कसा चढवितात, असे या विषयाच्या इतिहासाचे दोन पदर आहेत. घरी फवारणी करणाऱ्या हौशी माणसास असलेला धोका हे दोन पदर जेथे एकत्र येतात तेथे निर्माण झालेला आहे.

रंग व चकाकी वेगळी ठेवण्याची कल्पना मोटारीबरोबर आलेली नाही. सावंतवाडीचे चितारी गंजिफांची पाने करताना चिंचोक्याची खळ चढवून पृष्ठ घोटून घेत, त्यावर रंगकाम करीत आणि लाखेचा लेप देत. लाख हा एका कीटकाचा स्राव असून ती स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश सुतार फडक्याच्या बोळ्याने लाकडावर थरावर थर घासून चढवितात. या पद्धतींत हवेत जाते ते मुख्यतः स्पिरिट. लेपाचे घन द्रव्य वस्तूवरच राहते. चकाकीची किंमत वेळ आणि मनगट यांच्या रूपाने द्यावी लागे.

प्रारंभीच्या मोटारगाड्यांना घोडागाड्यांचेच व्हार्निश दिले जाई. जवसाचे उकळलेले तेल व कोपलसारखी नैसर्गिक रेझिने यांपासून ते बनवीत. हवेतील ऑक्सिजन शोषून तेल हळूहळू घट्ट होई. एक थर वाळला की तो घासावयाचा व मग दुसरा द्यावयाचा, असा क्रम असल्याने एका गाडीचे रंगकाम पुरे होण्यास कित्येक आठवडे लागत. फोर्डच्या कारखान्यात १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल-टी गाडीला काळाच रंग देण्यात येई. याचे कारण म्हणून काळ्या रंगाचे लवकर वाळणे सांगितले जाते. स्वस्ताई आणि टिकाऊपणा हीही कारणे होतीच.

पहिल्या महायुद्धानंतर ही अडचण दूर झाली. धूररहित दारूसाठी नायट्रोसेल्युलोज तयार करणाऱ्या द्यू पाँ या अमेरिकन कंपनीने त्याच पदार्थापासून पातळ, परंतु घन द्रव्याचे प्रमाण अधिक असलेले लॅकर बनविले. ‘ड्युको’ या नावाने ते १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर प्रथम वापरण्यात आले. आठवड्यांचे काम त्यामुळे काही दिवसांवर आले. हे व्यापारी नाव पुढे इतके रुळले की, मराठी सुतार-रंगाऱ्यांच्या तोंडी ‘ड्युको’ हे फवारून दिलेल्या चकचकीत रंगाचे सामान्यनामच होऊन बसले.

नायट्रोसेल्युलोजाचे लॅकर इतक्या झपाट्याने वाळते की कुंचल्याचे ओरखडे सपाट होण्यास अवधीच मिळत नाही. साहजिकच ते फवारावे लागले. फवारणीचे साधन मात्र वैद्यकातून आले होते. अमेरिकेतील टोलीडो येथील डॉ. ॲलन डीव्हिल्बिस यांनी घशात औषध मारण्यासाठी १८८८ मध्ये एक तुषारक तयार केला. त्यांचे पुत्र टॉमस यांनी १९०७ मध्ये त्याच तत्त्वावर रंगाची फवारणी-बंदूक बनविली. रुग्णाच्या घशाला आराम पडावा म्हणून निघालेल्या उपकरणाच्या वारसापासून पुढे कामगाराचा घसा व फुफ्फुसे जपावी लागली, हा या इतिहासातील एक चमत्कारिक योग होय.

बंदुकीत संपीडित हवेच्या झोताने द्रव फुटून त्याचे सूक्ष्म तुषार होतात. जुन्या प्रकारच्या बंदुकीतून निघालेल्या द्रव्यापैकी निम्म्याहून कमी भाग पत्र्यावर बसतो. बाकीचा हवेत तरंगतो. नायट्रोसेल्युलोजाच्या युगात या उडणाऱ्या द्रव्याचे मुख्य भय आगीचे होते. भिंतींवर व पंख्याच्या पात्यांवर साचलेली त्याची वाळकी पूड ठिणगीने भडकून पेटे. कारखान्यांनी यावर उपाय म्हणून हवा खेचणारे बंदिस्त कक्ष, पाण्याचे पडदे आणि ठिणगी न पडणारी विद्युत् साधने यांची योजना केली. लहान गॅरेजांत बंदूक पोहोचली. कक्ष बहुधा पोहोचला नाही.

महाराष्ट्रात रंगधंद्याचा पाया मुंबईत घातला गेला. लोअर परळ येथे १९२० मध्ये गहागन पेंट्स अँड व्हार्निश कंपनी निघाली. तीच पुढे गुडलास नेरोलॅक व नंतर कन्साई नेरोलॅक या नावांनी प्रसिद्धीस आली. एशियन पेंट्सची स्थापना १९४२ ची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. त्यानंतरच्या काही दशकांत रस्त्यावरच्या गॅरेजांत अल्किड रेझिनाच्या एनॅमलाचा प्रघात मोठा होता. एनॅमलात रंगद्रव्य व चकाकी देणारे रेझीन एकाच थरात असल्याने वेगळ्या पारदर्शक लेपाची गरज भासत नसे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी पुनःपुन्हा एनॅमल मारूनच उजळविली जाई. नाकावर रुमाल बांधून फवारा मारण्याची सवय गॅरेजांत याच काळात रुजली. एनॅमलाच्या बाबतीतही ती सवय चांगली नव्हती. परंतु पुढे आलेल्या द्रव्याच्या बाबतीत ती घातक ठरली.

जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेनाचे रसायन विकसित केले. आयसोसायनेट गट असलेले संयुग हायड्रॉक्सिल गट असलेल्या रेझिनाशी संयोग पावून कठीण, लवचिक व पेट्रोलला दाद न देणारे बहुवारिक तयार होते, हे त्याचे सार. लेपासाठी हे दोन घटक वेगळ्या डब्यांत ठेवावे लागतात व वापरण्याच्या वेळीच मिसळावे लागतात. गॅरेजांत यांपैकी आयसोसायनेटाच्या डब्यास ‘हार्डनर’ म्हणतात. प्रारंभीची आयसोसायनेटे उन्हात पिवळी पडत. हेक्झामिथिलीन डायआयसोसायनेटापासून बनविलेल्या हार्डनरांनी हा दोष घालविला, तेव्हा मोटारीच्या बाह्य लेपाचा मार्ग मोकळा झाला.

त्याच सुमारास धातुछटेचे रंग लोकप्रिय होऊ लागले. त्यांतील ॲल्युमिनियमाच्या चकत्या उघड्या राहिल्यास काळवंडतात, म्हणून त्यांच्यावर पारदर्शक थर देणे अगत्याचे झाले. १९७० नंतर यूरोपात व १९८० नंतर अमेरिकेत रंगीत तळथर व त्यावर पारदर्शक लेप ही जोडपद्धती प्रस्थापित झाली. भारतात १९९१ नंतर परदेशी सहकार्याने मोटारनिर्मिती वाढली, तशी ती येथेही सर्वत्र दिसू लागली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. कारखान्यात नव्या गाडीचा रिकामा सांगाडा सुमारे १४०° से. तापमानाच्या भट्टीतून जातो. त्यामुळे तेथे मेलामीन रेझिनाने घट्ट होणारा, आयसोसायनेटरहित एकघटकी लेप वापरता येतो, व अनेक ठिकाणी तो वापरला जातो. दुरुस्तीस आलेल्या गाडीला टायर, तारा व आसने असतात. ती अशा भट्टीत घालता येत नाही. साहजिकच साध्या तापमानास घट्ट होणारा द्विघटकी लेप दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्यास आला. तात्पर्य, अधिक धोक्याचे द्रव्य कमी साधने असलेल्या हातांत गेले. घराच्या अंगणात जुनी स्कूटर किंवा मोटारीचे बंपर रंगविणारा हौशी माणूस या साखळीचे शेवटचे टोक होय.

आयसोसायनेट म्हटले की वाचकास २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची भोपाळची दुर्घटना आठवेल. तेथील मिथिल आयसोसायनेट हा निराळा पदार्थ आहे. तो सुमारे ३९° से. ला उकळतो व आपोआप हवेत पसरतो. हार्डनरातील आयसोसायनेट मुख्यतः मोठ्या रेणूंच्या रूपात असल्याने उघड्या डब्यातून त्याचे बाष्प फारच थोडे निघते. बंदुकीने तुषार केल्यावर मात्र ते श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरते. म्हणून डबा उघडणे किंवा कुंचल्याने लावणे यापेक्षा फवारणे हीच मुख्य धोक्याची क्रिया होय. अर्थात पातळ हार्डनर त्वचेवर सांडणेही टाळावे लागते, कारण त्वचेवाटेही अधिहर्षता उद्भवू शकते.

आयसोसायनेटामुळे होणाऱ्या दम्याचे वर्णन फ्रान्समधील फ्यूक्स व व्हालाद यांनी १९५१ मध्ये केले. या विकाराचे स्वरूप फसवे आहे. महिनोन् महिने काही त्रास होत नाही. मग एके दिवशी शरीर त्या द्रव्यास संवेदनशील होते आणि त्यानंतर अत्यल्प मात्राही छाती आवळण्यास पुरते. खोकला व घरघर पुष्कळदा काम संपल्यावर, रात्री सुरू होत असल्याने त्यांचा संबंध फवारणीशी जोडला जात नाही. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने वाहने फवारणाऱ्यांना दमा होण्याचा धोका इतर कामगारांच्या सुमारे ८० पट असल्याचे नमूद केले आहे. भारतात भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखानेविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन हवेतील घातक द्रव्यांच्या मर्यादांची अनुसूची जोडण्यात आली. तीत टोल्युइन डायआयसोसायनेटाची आठ तासांची सरासरी मर्यादा दशलक्ष भागांत ०·००५ भाग अशी होती. कायद्याचा हा हात कारखान्यापुरता होता. घरापर्यंत तो पोहोचण्याचे कारणच नव्हते.

वास येत नाही, म्हणजे हवा स्वच्छ आहे, हा समज येथे चालत नाही. आयसोसायनेटाचा वास जाणवू लागतो तेव्हा मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. रुमाल किंवा धुळीसाठीचा कापडी मुखवटा बाष्पास व सूक्ष्म तुषारांस अडवीत नाही. सक्रियित कार्बनाची डबी असलेला मुखवटा विद्रावकांसाठी उपयोगी पडतो. परंतु डबी निकामी झाल्याची सूचना वासाने मिळत नसल्याने द्विघटकी लेपासाठी नळीवाटे बाहेरची शुद्ध हवा पुरविणारा मुखवटाच योग्य मानतात. ती हवा तेलावर चालणाऱ्या साध्या संपीडकातून, गाळणीशिवाय घेणे हाही अपघातच. संपीडक तापल्यास तीत कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. फवारा थांबल्यावर तुषार डोळ्यांस दिसत नसले तरी काही वेळ तरंगत राहतात आणि ‘झाले काम’ म्हणून मुखवटा काढण्याची चूक नेमकी त्याच वेळी होते.

आगीचा जुना धोकाही टळलेला नाही. ज्या तापमानास द्रवाचे बाष्प ठिणगीने पेट घेऊ शकते, ते टोल्यूइनाच्या बाबतीत सुमारे ४° से., ब्युटिल ॲसिटेटाच्या बाबतीत सुमारे २२° से. आणि झायलिनाच्या बाबतीत सुमारे २७° से. असते. थंड देशात लिहिलेल्या सूचनांत यांतील काही द्रव निदान हिवाळ्यात तरी निर्धोक धरता येतात. कुरुंदा (ता. वसमत, जि. हिंगोली) किंवा मराठवाड्यातील कोणत्याही गावी मे महिन्याच्या दुपारी सावलीतही पारा ४०° से. च्या पुढे जातो. तेथे थिनरातील हे सर्व घटक पेटण्याच्या स्थितीतच असतात. त्यांचे बाष्प हवेपेक्षा जड असल्याने ते जमिनीलगत पसरते व शेजारच्या खोलीतील चूल, शीतकपाट किंवा विजेचे बटण यांपर्यंत जाते. त्यातच हौशी माणूस लेपावर धूळ बसू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतो. चांगल्या चकाकीसाठी जे करावेसे वाटते, नेमके तेच श्वासाच्या व आगीच्या दृष्टीने सर्वांत वाईट असते. घरगुती पंखा लावून हवा खेचावी तर त्याच्या मोटारीतील ठिणगीच बाष्पास पुरेशी होते. पावसाळ्यात निराळीच अडचण येते : दमट हवेतील पाण्याशी आयसोसायनेटाचा संयोग होऊन कार्बन डाय-ऑक्साइड निघतो व लेपात बारीक फोड येतात.

दाबडब्यातील लेप हा हौशी माणसाचा सोपा मार्ग समजला जातो. त्यात दोन अगदी भिन्न प्रकार आहेत व लेबल न वाचता घेतल्यास घोटाळा होतो. एकघटकी ॲक्रिलिक लेपात आयसोसायनेट नसते. तो विद्रावक उडून वाळतो. पेट्रोल सांडल्यास तो मऊ पडतो व पाच-सहा वर्षे टिकेलच असे नाही. पण मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून, योग्य कार्बन मुखवट्यासह वापरल्यास धोका आटोक्यात राहतो. दुसऱ्या प्रकारात डब्याच्या तळाचे बटण दाबल्यावर आतील हार्डनर मिसळतो. तो डबा लहान असला तरी आतील द्रव्य गॅरेजातील द्विघटकी लेपाचेच असते व त्यास सर्व खबरदाऱ्या लागू पडतात. प्रस्तुत लेखकाच्या मते पुरविलेल्या हवेचा मुखवटा व हवा खेचणारा कक्ष नसल्यास हौशी माणसाने घासकाम, अस्तर व तळथर इथपर्यंतच थांबावे आणि शेवटचा द्विघटकी थर कक्ष असलेल्या गॅरेजातून मारून घ्यावा. घासताना जुन्या रंगातील शिसे व क्रोमेटे यांची धूळ उडू नये म्हणून पाणकागदाने ओले घासणे इष्ट.

उडणारे द्रव्य कमी करण्याचे प्रयत्न १९८० नंतर जोमाने सुरू झाले. अधिक घनफळाची, परंतु कमी दाबाची हवा वापरणाऱ्या बंदुकीत टोपीशी दाब सुमारे ०·७ बारपर्यंतच ठेवतात. त्यामुळे सुमारे दोन-तृतीयांश द्रव्य पत्र्यावर बसते. कॅलिफोर्नियातील हवाशुद्धीच्या नियमांनी तिचा प्रसार केला. पाण्यात मिसळणारे तळथर आले. वरचा पारदर्शक लेप मात्र दुरुस्तीच्या कामात बहुतांशी द्विघटकी पॉलियुरेथेनाचाच राहिला आहे. यूरोपीय संघाने २०२० मध्ये नियम करून ०·१ टक्क्याहून अधिक एकवारिक डायआयसोसायनेट असलेली द्रव्ये वापरणाऱ्या व्यावसायिकांना २४ ऑगस्ट २०२३ पासून प्रशिक्षण सक्तीचे केले.