परवान्यावर नाव कुणाचं?

मुंबईत धंद्यातल्या बाईचं नाव सरकारी वहीत आलं ते 1868 च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यामुळे. गोऱ्या सैनिकांना गुप्तरोगांपासून वाचवणं हा त्याचा हेतू. मुंबईत तो 1870 मध्ये लागू झाला, 1872 मध्ये थांबला, 1880 मध्ये परत आला. बाईने नाव नोंदवायचं, नेमल्या दिवशी तपासणीला हजर राहायचं, रोग आढळला तर खास इस्पितळात कोंडून घ्यायचं. गिऱ्हाइकाला यातलं काहीच नाही. विरोध वाढत गेला आणि 1888 मध्ये कायदा रद्द झाला.

डान्सबारच्या परवान्याचं कूळ वेगळं आहे, हे आधी स्पष्ट करायला हवं. नाचणं म्हणजे देहविक्रय नव्हे. 1951 च्या मुंबई पोलीस कायद्याने करमणुकीच्या जागांना परवाने देण्याचा अधिकार पोलिसांकडे ठेवला आणि त्याखाली 1960 चे नियम आले. त्यांच्या नावातच मेळे आणि तमाशे आहेत. पुढे डान्सबार फोफावले तेही याच नियमांच्या आधारावर. जागेचा परवाना, कार्यक्रमाचा परवाना, दारूचा परवाना, सगळे मालकाच्या नावावर. जिच्या नाचावर गल्ला भरायचा, ती कामगार म्हणून यात कुठेच नव्हती.

म्हणूनच 2005 मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात बंदी आली तेव्हा तिच्या हाती दाखवायला कागद नव्हता. पोलीस कायद्यात 33अ हे कलम घालून नाच बंद झाला. लगेच पुढच्या 33ब कलमाने तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना मोकळीक दिली. तोच नाच श्रीमंतांसमोर चालतो आणि साध्या बारमध्ये बाईची अप्रतिष्ठा करतो, हे मला कधीच पटलं नाही. उच्च न्यायालयालाही 2006 मध्ये पटलं नाही, सर्वोच्च न्यायालयालाही 2013 मध्ये नाही. बंदीमुळे 75,000 हून अधिक स्त्रिया बेरोजगार झाल्याचा उल्लेख त्या निकालात आहे. तरी 2014 मध्ये सरकारने सरसकट बंदी आणली. न्यायालयाने 2015 मध्ये तीही स्थगित केली.

मग 2016 मध्ये परवान्याच्या अटी आल्या. मंच 10 बाय 12 फुटांचा, कडेला 3 फूट उंच कठडा, कठड्यापासून खुर्च्या 5 फूट लांब. इतकी मोजमापं! पण त्याच वर्षीच्या नव्या कायद्यासोबत एक मोलाची गोष्टही आली. बाईशी लेखी करार करायचा, मोबदला तिच्या बँक खात्यात भरायचा. नोंद पहिल्यांदाच तिच्या हक्काच्या बाजूने झुकली. 17 जानेवारी 2019 च्या निकालाने सीसीटीव्हीची सक्ती, शाळा-देवळांपासून एक किलोमीटरची अट उडवली. करार आणि बँक खातं राखलं.

बंदीच्या काळात अनेक बार ऑर्केस्ट्राच्या परवान्यावर चालले. त्यातही अट होती: मंचावर आठच कलाकार, चार बायका, चार पुरुष. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये बायका-पुरुषांची ही वाटणी रद्द केली. आठांची मर्यादा तशीच राहिली. गायिकांच्या पोटापाण्याचा हा प्रश्न न्यायालयात ज्या खटल्याने सुटला, तो ओळखला जातो एका हॉटेलच्या नावाने.