तीन मिनिटांची शीळ

आधी बाह्या झटका. जिनातून उडणारी रुई इथे कुणालाच सोडत नाही, आणि तुम्ही खामगावात उतरलात ते ऐन कापसाच्या हंगामात. साल १९३२च्या आसपासचं. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं आहे, कारभार इंग्रजांचा आणि जीव सगळा कापसाच्या भावात. जलंबहून निघालेला रेल्वेचा फाटा खामगावला येऊन संपतो. पुढे चिखली, मेहकर, लोणारकडे जायचं तर मोटार, नाहीतर बैलगाडी.

एका अडत्याच्या ओसरीवर दिवेलागणीला माणसं जमली आहेत. तुम्हीही जोत्याच्या कडेला टेका. कोणी विचारलंच तर पाहुणा म्हणून सांगा. मधोमध ग्रामोफोन आहे. घरातला थोरला मुलगा दांडा फिरवून चावी देतो, पत्र्याच्या डबीतून नवी सुई काढतो आणि जुनी फेकून देतो. तबकडीच्या एका बाजूला एक सुई, असा हिशेब असतो. सुईत काटकसर केली की तबकडी खराब होते. तबकडी लाखेची, काळी, हातातून पडली तर खापरासारखी फुटणारी. तिच्या मध्यावर कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला तो कुत्रा. मिनिटाला ७८ फेरे घेत ती फिरू लागते. आधी नुसती खरखर, मग आवाज.

या ओसरीवर आजवर वाजली ती बालगंधर्वांची नाट्यपदं, भजनं, लावण्या. त्यामुळे आता तानेची बरसात होणार म्हणून मंडळी मान डोलवायला तयार बसली आहेत. तशी तान काही येत नाही. एक तरुण आवाज शब्द न मोडता, जवळ बसून सांगितल्यासारखं गातो. रानातून एक शीळ येते आणि ती ऐकून गावाकडच्या पोरीचं चित्त ठिकाणावर राहत नाही. गोष्ट एवढीच. तीन मिनिटांत संपते.

"कोन्या नाटकातलं पद हाय हे?" फेटेवाले आजोबा विचारतात.

"नाटकातलं नाही, आबा. आपल्या मेहकरकडच्या पोट्ट्यानं लिवलं म्हंतेत."

"नाटक नाही, देव नाही, अन् गानं?" आजोबा क्षणभर थांबतात. "लाव बरं पुन्यांदा."

आजोबांच्या प्रश्नात या तबकडीचं सगळं नवेपण आलं. तोवर गाण्याला काहीतरी आधार लागायचा: रंगभूमीवरचा प्रसंग, देवाचं नाव, बैठक किंवा सण. इथे यातलं काहीच नाही. छापील कवितेला चाल लावली आणि ती थेट घराघरात पाठवली. रविकिरण मंडळाच्या कवींनी १९२०च्या दशकात कविता गाऊन दाखवायची गोडी लावली होती, पण ती समोर बसलेल्या श्रोत्यांपुरती. ही 'शीळ' नावाची कविता मात्र कवी आणि गायक दोघांच्याही माघारी वाजते आहे.

आता थोडं मागे आणि बरंच पश्चिमेला चला. मुंबई, हिज मास्टर्स व्हॉइसचं ध्वनिमुद्रण. मायक्रोफोनसमोर उभे आहेत गोविंदराव, म्हणजे जी. एन. जोशी. शिक्षण वकिलीचं, नाद गाण्याचा. चाल त्यांनी स्वतःच लावलेली. कवीही त्यांच्याच वयाचा: ना. घ. देशपांडे, जन्म १९०९, बुलढाणा जिल्ह्यातलं सेंदुरजन. योगायोग असा की त्यांचीही वाट वकिलीचीच.

श्वास आवरून उभे राहा, कारण इथे खोकलासुद्धा मुद्रित होतो. पलीकडच्या यंत्रावर मेणाची जाड चकती फिरते आहे आणि आवाज तिच्यावर नागमोडी रेघ कोरतो आहे. चूक झाली तर पुसायची सोय नाही. ते मेण बाजूला सारायचं आणि नव्या मेणावर पहिल्यापासून गायचं. कसं झालं ते लगेच ऐकून पाहावं, तर सुई फिरताच मेण खराब होतं. तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांत भरते, म्हणून कवितेची कडवी, मधले वाद्यांचे तुकडे, शेवटचा ठेहराव हे सगळं घड्याळाकडे पाहून ठरतं. आलापीची चैन परवडत नाही.

पण खरी करामत त्या मायक्रोफोनची आहे. १९२५पूर्वी गायकाला कर्ण्यात तोंड घालून ओरडावं लागे. नाटकातल्या खणखणीत गळ्यांचं तिथे निभायचं. विजेवरचं मुद्रण आलं आणि हळू म्हटलेला शब्दही तबकडीवर उमटू लागला. 'शीळ' कर्ण्यात ओरडून गायली असती तर ती दवंडी झाली असती. भावगीताला जन्म कवींनी आणि गायकांनी दिला हे खरं, पण सुईण हा मायक्रोफोन.

मेणावरून धातूचा साचा होतो, कंपनीच्या कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात लाखेच्या तबकड्या दाबल्या जातात आणि गठ्ठे देशभर रवाना होतात. हावडा-नागपूर-मुंबई मार्ग जलंबवरूनच जातो. म्हणजे मेहकरच्या मुलुखातली कविता मुंबईत गायली जाऊन, बंगालात छापली जाऊन पुन्हा बुलढाणा जिल्ह्यात उतरते.

आणि ती गाजते. इतकी, की मराठी भावगीताची सुरुवात बहुतेक जण याच तबकडीपासून धरतात. ख्यालाच्या कानांना ती हलकी वाटते, कवितेच्या कानांना चालीमुळे शब्द दुय्यम होईल अशी धास्ती वाटते. घरी मात्र सुया संपत राहतात. 'शीळ'च्या मागोमाग जोशींची युगुलगीतंही येतात. त्यांच्यासोबत गाणारी 'गांधारी' म्हणजे पुढच्या काळातल्या गंगूबाई हनगल.

इथून लांब उड्या घ्या. १९३८: जोशी आता त्याच कंपनीत अधिकारी आहेत, काचेच्या अलीकडे बसून इतरांचं गाणं मुद्रित करणारे. १९५४: मेहकर. पैनगंगेकाठचं तालुक्याचं गाव, बालाजीचं मंदिर, कंचनीच्या महालाचे अवशेष, आणि वकिली करणारे ना. घ. त्यांचा पहिला कवितासंग्रह आत्ता कुठे निघतो आहे. नाव अर्थातच 'शीळ'. तबकडी वीसेक वर्षं आधी पोचली, पुस्तक नंतर आलं. ज्यांनी संग्रह कधी हातात धरला नाही, त्यांनाही त्यातली एक कविता तोंडपाठ आहे. कवीला असं भाग्य क्वचित लाभतं. त्यात अडचणही आहे, कारण पुढचं काहीही लिहिलं तरी लोक आधी तेच गाणं मागतात.

१९६७, पुन्हा मुंबई. आता तबकडी लाँग प्लेइंग झाली आहे, एका बाजूला वीसेक मिनिटं मावतात. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांमधून सांगायचा, अशी कल्पना. हे शास्त्रीय म्हणायचं की आणखी काही, असा प्रश्न पुन्हा उभा राहतो. 'कॉल ऑफ द व्हॅली' जगभर ऐकली जाते. तिचे निर्माते जी. एन. जोशी. गाण्याला नाटकाचा आधार लागत नाही हे ज्याने तरुणपणी गाऊन पाहिलं, त्याला शब्दांचाही आधार काढून घेण्याचं भय का वाटावं?

१९८६मध्ये 'खूणगाठी' या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळतो, तेव्हाही ना. घ. मेहकरलाच आहेत, २०००मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत गाव सुटत नाही. मेहकरला रेल्वे अजून आलेली नाही. मराठी सुगम संगीताची गोष्ट मुंबई-पुण्याच्या नावाने सांगायची सवय आपल्याला लागली आहे. ती पुढच्या वेळी कोणी सांगू लागलं, तर पहिल्या पानावर पत्ता मेहकरचा, जिल्हा बुलढाणा, असा घालायला सांगा.