‘शीळ’ची ध्वनिमुद्रिका आणि जी. एन. जोशी

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव सोडून पश्चिमेस निघाले की मेहकर लागते. कवी ना. घ. देशपांडे यांचे हे गाव. त्यांचा ‘शीळ’ हा संग्रह १९५४ साली निघाला. परंतु त्या नावाची कविता तत्पूर्वी सुमारे वीस वर्षे महाराष्ट्राच्या कानी होती, ती जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे.

जोशी यांनी ती स्वतःच चाल लावून गायिली. नाट्यपदास नाटक मंडळीचा आणि चित्रगीतास चित्रसंस्थेचा आश्रय असे. भावगीतास मुद्रिकेवाचून दुसरा आधार नव्हता. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. आलापीस तेथे वाव नाही. कडवी मोजकी घ्यावीत, शब्द स्पष्ट उमटावा, हे ओघानेच आले. भावगीताचा आटोपशीरपणा काव्यगुण म्हणून गौरविला जातो खरा, तथापि त्यात यंत्राचा वाटा थोडाथोडका नाही.

१९३८ मध्ये जोशी हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीत गेले. (वकिलीचे शिक्षण बाजूस राहिले.) आता रात्र रात्र मैफल रंगविणाऱ्या गवयांना त्याच मोजक्या मिनिटांत बसविणे हे त्यांचे काम झाले. स्वतः त्या बंधनात गायिलेल्या माणसालाच ते साधावे, यात नवल नाही. पुढे दीर्घ मुद्रिका आल्या. १९६७ साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया व ब्रिजभूषण काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ जोशी यांच्याच निर्मितीतून निघाली. काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस रागांतून रंगविणाऱ्या त्या रचनेतही प्रत्येक रागास अवधी बेताचाच दिलेला आहे.