धोबीघाटाचे कबरस्तान

धोबीघाट म्हटले की आपल्या मुंबईकर वाचकांना महालक्ष्मीच आठवणार. सिंगापुरातही त्याच नावाची एक जागा आहे. हिंदुस्थानातून गेलेले धोबी तेथील ओढ्यावर कपडे धूत असत, त्यावरून हे नाव पडले. आज तेथे जमिनीखाली रेल्वेचे मोठे स्टेशन आहे. त्याआधी त्या ठिकाणी आपल्या यहुदी धर्मबांधवांचे कबरस्तान होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

सिंगापूर हे आधी नकाशावर मांडलेले शहर होय. १८२२ साली रॅफल्स साहेबाने कमिटी नेमली आणि लेफ्टनंट जॅक्सनने आराखडा काढला. त्यात युरोपियन, चिनी, चुलिया, अरब, बुगी अशा सर्वांना वेगवेगळा भाग नेमून दिला होता. यहुद्यांचा रकाना त्यात नव्हता. बगदादी व्यापारी बहुधा कलकत्त्याच्या वाटेने पुढे आले आणि तेही मूठभर. त्यांनी व्यापारी पेठेतल्या एका घरात प्रार्थना सुरू केली. त्या गल्लीला सिनेगॉग स्ट्रीट हे नाव पडले. (आपल्या मांडवीच्या जुन्या मशिदीवरून मस्जिद बंदर हे नाव पडले असे सांगतात, त्यातलाच हा प्रकार.) वस्ती सरकली तशी मशीदही सरकली. १८७८ साली वॉटर्लू स्ट्रीटवर मागेन आबोथ उभी राहिली आणि १९०५ साली मनास्से मेयर यांनी ऑक्सली राइज येथे खेसेद एल बांधली.

कबरस्ताने दोन होती, एक ऑर्चर्ड रोडच्या टोकाला, हेच धोबीघाटाचे. ते भरल्यावर दुसरे थॉमसन रोडवर. तेव्हा या जागा गावाबाहेरच्या वाटत. शहर त्यांना येऊन भिडले.

आता कायद्याकडे वळू. १९५८ च्या मास्टर प्लानने बेटावरील जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला वापर ठरवून दिला: येथे घरे, येथे दुकाने, येथे प्रार्थनास्थान. अमेरिकेत आजूबाजूचा वापर एक असताना मधल्याच एका तुकड्याला निराळा वापर दिला, तर त्याला ‘स्पॉट झोनिंग’ म्हणतात आणि शेजारी कोर्टात जाऊन ते रद्द करून घेऊ शकतो. सिंगापुरात तुकड्याचा वापर बदलणे हे सरकारचे नेहमीचेच काम. बदलाने जमिनीची किंमत वाढली तर मालकाने आकार भरायचा, एवढेच. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने तर जमीन सार्वजनिक कामासाठी हवी असे सरकारने जाहीर केले की तोच पुरावा मानला जातो. भरपाईही कित्येक वर्षे जुन्या तारखेच्या भावाने मिळे. बाजारभाव देण्याची तरतूद २००७ साली झाली. पण कबरीला बाजारभाव कसला लावणार?

१९८२ साली भुयारी रेल्वेचा निर्णय झाला आणि दोन्ही कबरस्तानांवर गदा आली. आपल्या धर्मात कबर उकरणे ही साधी गोष्ट नव्हे, हे सांगायला नको. तरीही अवशेष काढून अखेर बेटाच्या पश्चिमेकडील चोआ चू कांग येथे नेऊन पुरले गेले. १२ डिसेंबर १९८७ रोजी धोबीघाट आणि थॉमसन रोडवरील नोव्हेना ही दोन्ही स्टेशने एकाच दिवशी सुरू झाली.

हा केवळ आपल्यावर झालेला अन्याय, असे मला म्हणवत नाही. बिशानला चिनी लोकांची, बिदादरीला ख्रिस्ती व मुसलमानांची कबरस्ताने अशीच गेली. जागा थोडी आणि माणसे फार, ही सरकारची अडचणही खरी आहे. खटकते ते दुसरेच. १९९८ साली मागेन आबोथ आणि खेसेद एल या दोन्ही राष्ट्रीय स्मारके जाहीर झाल्या, आणि ते योग्यच झाले. पण ज्या लोकांनी त्या बांधल्या व भरल्या, त्यांच्या हाडांना असे संरक्षण देणारा रंग कोणत्याच नकाशात नव्हता.

त्याच १९९८ सालापासून नव्या दफनाला सरकारने १५ वर्षांची मुदत घातली आहे. ज्यांच्या धर्मात दहन चालत नाही, त्यांचे अवशेष मुदतीनंतर काढून लहान जागेत पुन्हा पुरतात.