प्रस्तावना: पेशीची सफाई आणि विषाणूची ओळख

फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावात एका पोल्ट्रीतल्या कोंबड्या अचानक मरू लागल्या. तपासणीत एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू निघाला आणि परिसरातल्या हजारो कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या. शहापूर-मुरबाडच्या पोल्ट्रीवाल्यांना हा विषाणू पडलेल्या भावात आणि रिकाम्या शेडमध्ये दिसतो. या पुस्तकात आपण इन्फ्लुएंझा विषाणूला पेशीच्या आत गाठणार आहोत.

पण रोगप्रतिकारक टी-पेशींना दुसऱ्या पेशीच्या पोटात डोकावता येत नाही. तिच्या पृष्ठभागावर एमएचसी रेणूंनी धरलेले प्रथिनांचे तुकडे तेवढे त्या पाहतात. झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी 1974 मध्ये या ओळखीचा पाया दाखवला. पुढे पाठ्यपुस्तकांत एक सोपा नियम रुळला: पेशीत तयार झालेले प्रथिन वर्ग-1 रेणूवर, बाहेरून गिळलेले वर्ग-2 वर. नियम परीक्षेला सोयीचा होता, पण पेशी तो पाळत नव्हती.

कारण पेशी स्वतःचा ऐवजही पचवते. नको असलेला माल दुहेरी पटलात गुंडाळून लायसोसोमकडे नेण्याची ही प्रक्रिया म्हणजे ऑटोफॅजी. योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये तिची जनुके शोधली आणि 2016 चे नोबेल मिळवले. विषाणूची प्रथिनेही या गाठोड्यात सापडतात आणि त्यांचे तुकडे वर्ग-2 रेणूंवर चढतात. ख्रिश्चन म्युंझ यांच्या गटाने 2005 मध्ये एपस्टीन-बार विषाणूच्या बाबतीत हे दाखवले. 2007 चा त्यांचा प्रयोग मला अधिक देखणा वाटतो. गाठोड्याच्या पटलाला चिकटणाऱ्या एलसी3 प्रथिनाला त्यांनी इन्फ्लुएंझाचे एम1 प्रथिन जोडले, आणि वर्ग-2 वरचे तुकडे ओळखणाऱ्या सीडी4 टी-पेशींचा प्रतिसाद वीसपटीपर्यंत वाढला.

विषाणूही गप्प बसत नाही. इन्फ्लुएंझाचे एम2 प्रथिन गाठोड्याला लायसोसोमशी जुळू देत नाही. नागीण-वर्गातला हर्पिस सिम्प्लेक्स तर ऑटोफॅजीला लागणाऱ्या बेक्लिन-1 प्रथिनाला पकडून सफाई सुरू होण्याआधीच रोखतो.

एक सावधगिरी. यातले बहुतेक प्रयोग माणसाच्या आणि उंदराच्या पेशींवरचे आहेत. कोंबडीला ते जसेच्या तसे लावू नका. तिथे अजून भरपूर काम पडले आहे, आणि ते करायला पोल्ट्री जवळून पाहिलेली मुले हवी आहेत. बारावीचे जीवशास्त्र येत असेल तर थेट वाचायला घ्या. एमएचसीची नावे पाठ करत बसू नका. ती वाचता वाचता अंगवळणी पडतात.